विश्लेषण : सरकारने पैसा कुठे खर्चावा, हे शाळकरी मुलांना का विचारायचे?

फेब्रुवारीत केंद्राचा अर्थसंकल्प येतो, मार्चमध्ये राज्याचा. नेमके त्याच दिवसांत महाराष्ट्रातील सुमारे १६ लाख मुले दहावीची परीक्षा देत असतात आणि जवळपास तितकीच बारावीची. अर्थसंकल्पापूर्वी उद्योजक, व्यापारी, शेतकरी संघटना, बँका, कामगार संघटना यांच्याशी चर्चा होते. नंतर नोकरदार आणि गृहिणींच्या प्रतिक्रिया छापून येतात. परंतु शाळेची इमारत, शिक्षकभरती, शिष्यवृत्ती, वसतिगृह, एसटीचा पास अशा किती तरी तरतुदींचा थेट परिणाम ज्यांच्यावर होतो, त्या माध्यमिक शाळेतील मुलांना कुणी विचारत नाही. काही देशांनी मात्र हा प्रयोग करून पाहिला, तोही केवळ मत विचारून नव्हे, तर प्रत्यक्ष रक्कम हाती देऊन. त्यातून काय दिसले आणि आपल्याकडे त्यासाठी जागा कुठे आहे, याविषयी…

मताधिकार नाही, मग मत कशासाठी?

भारतात मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते १६ केले, तर ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना ऐच्छिक मतदान करता येते. आपल्याकडे वय आणखी खाली आणण्याची चर्चा नाही. पण मताधिकार मिळेपर्यंतचा काळ किती लांबतो, हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक झाली तेव्हा १७ वर्षांची असलेली मुलगी, मुदतीनुसार निवडणूक झाल्यास, विधानसभेसाठी पहिले मत २०२९ मध्ये, म्हणजे २२ व्या वर्षी देईल. तोपर्यंत तिची बारावी झालेली असेल, पदवी झालेली असेल आणि शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृह याबाबत तिला लागू होणारे जवळपास सगळे निर्णय होऊन गेलेले असतील.

दुसरा मुद्दा कर्जाचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदाच ५० वर्षे मुदतीचे रोखे विकले. दहा हजार कोटी रुपयांच्या या रोख्यांची मुदत २०७३ मध्ये संपते. त्या वर्षी जो विद्यार्थी १६ वर्षांचा होता, तो तेव्हा ६६ वर्षांचा असेल. म्हणजे या कर्जाचे व्याज त्याच्या संपूर्ण नोकरीच्या काळात कररूपाने फेडले जाईल. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५ हजार ८९१ कोटी रुपयांची महसुली तूट दाखवली होती आणि राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल, असा अंदाज होता. कर्ज काढणे म्हणजे वाईटच, असे नाही. त्यातून धरण, रेल्वे, रुग्णालय उभे राहिले तर त्याचा लाभही पुढच्या पिढीलाच मिळतो. मात्र ते कशासाठी काढले, हे फेडणाऱ्याला निदान कळायला हवे.

तिसरा आधार कायदेशीर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या अनुच्छेदानुसार, मुलांशी संबंधित सर्व बाबींत त्यांना मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज लक्षात घेऊन त्या मताला वजन द्यायचे आहे. १९८९ च्या या संहितेला भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली. इथे मत म्हणजे मतपेटीतले मत नव्हे, तर ऐकून घेतले जाण्याचा हक्क.

एका रुपयात मुलांचे किती?

केंद्रीय अर्थसंकल्पासोबत ‘रुपया कसा येतो, कसा जातो’ असे चक्र दिले जाते. नववी-दहावीच्या मुलांना ते सहज समजते. २०२५-२६ च्या चक्रानुसार सरकारकडे येणाऱ्या रुपयातील २४ पैसे कर्जाचे होते. जाणाऱ्या रुपयातून २२ पैसे राज्यांना करांचा वाटा म्हणून, २० पैसे व्याजापोटी, १६ पैसे केंद्राच्या स्वतःच्या योजनांवर, संरक्षण, केंद्रपुरस्कृत योजना आणि वित्त आयोगाची व अन्य हस्तांतरणे यांवर प्रत्येकी ८ पैसे, अनुदानांवर ६ पैसे आणि निवृत्तिवेतनावर ४ पैसे. उरलेले ८ पैसे इतर खर्चाचे.

या चक्रात शिक्षणाचा वेगळा तुकडा दिसत नाही. तो योजनांच्या पोटात असतो. केंद्राचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी आणि शिक्षण मंत्रालयाची तरतूद १ लाख २८ हजार ६५० कोटी, असा हिशेब मांडला तर रुपयातले अडीच पैसे होतात. २००८-०९ पासून केंद्र सरकार मुलांसाठीच्या सर्व तरतुदी एकत्र दाखवणारे स्वतंत्र विवरणपत्र प्रसिद्ध करते. समग्र शिक्षा, शाळेतील पोषण आहार, अंगणवाडी अशा विविध खात्यांतील योजना त्यात येतात. २०२५-२६ मध्ये ही बेरीज सुमारे १ लाख १६ हजार कोटी, म्हणजे सव्वादोन पैशांच्या आसपास होती. शाळांचा मोठा खर्च राज्ये करतात, हे इथे लक्षात ठेवायला हवे. तरीही शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाच्या काळापासूनची, म्हणजे साठ वर्षांपूर्वीची अपेक्षा आजही धोरणाच्या कागदांवर तशीच आहे.

‘शिक्षणाला जास्त पैसे द्या’ असे मत कोणताही विद्यार्थी देईल. पण चक्र समोर ठेवून ‘मग कुठून कमी करू?’ असे विचारले की खरा विचार सुरू होतो. व्याज द्यावेच लागते, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, राज्यांचा वाटा ठरलेला असतो. अर्थमंत्र्यांच्या हाती मोकळे पैसे किती कमी असतात, हे समजणे हाच या चर्चेतला पहिला धडा ठरतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या अर्थशास्त्रात सार्वजनिक वित्तावर प्रकरण आहे. पण तो विषय घेणाऱ्यांपुरतेच. विज्ञान शाखेकडे गेलेला विद्यार्थी बहुधा हे चक्र न पाहताच मतदार होतो.

मुलांना जे दिसते ते आकड्यांत का दिसत नाही?

अर्थसंकल्पात तरतूद दिसते. ती शेवटच्या टोकाला कशी पोहोचली हे दिसत नाही. एसटीचे उदाहरण घेता येईल. राज्यात ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. सरकारच्या हिशेबात ही सवलतीची रक्कम असते आणि ती एसटी महामंडळाला द्यावयाची असते. पण सकाळची गाडी शाळा भरण्याआधी पोहोचते का, संध्याकाळची गाडी शाळा सुटल्यावर किती वेळाने येते आणि पावसाळ्यात ती गावात येते की फाट्यावरच सोडते, हे रकान्यात मावत नाही. पास हातात असूनही शेवटचा तास बुडवून निघावे लागत असेल, तर खर्च झाला पण काम झाले नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

स्वच्छतागृहाचेही तसेच. ‘बांधले’ अशी नोंद झाली की तरतूद सत्कारणी लागली. त्यात पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, सुट्टीच्या वेळी ते कुलूपबंद असते का, हे रोज वापरणाऱ्या मुलींनाच ठाऊक असते. प्रयोगशाळा, संगणक कक्ष, ग्रंथालय यांबाबतही मुले सांगू शकतात ते हेच : वस्तू आहे की नाही यापेक्षा ती वापरता येते की नाही. राजकोषीय तूट किती असावी हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगता येणार नाही. पण केलेला खर्च वाया गेला का, हे त्याला लेखापरीक्षकाच्या आधी कळलेले असते.

जगभरच्या मुलांनी काय सांगितले?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१६ मध्ये ‘बालहक्कांसाठी सार्वजनिक अर्थसंकल्प’ या विषयावर मार्गदर्शक टिपण काढले. त्याआधी ७१ देशांतील २,६९३ मुलांची मते घेण्यात आली. त्यात अधिक पैसा द्या, ही मागणी अर्थातच होती. पण त्यापलीकडची मते अधिक बोलकी आहेत. पैसा नीट नियोजन करून, न्याय्य रीतीने वापरा. निरुपयोगी गोष्टींवर उधळू नका. भ्रष्टाचार होऊ देऊ नका. खर्चाचे हिशेब जाहीर करा. अपंग व विशेष गरजा असलेल्या मुलांना विसरू नका. आमच्या कुटुंबांना हात दिलात तरी तो आमच्यावरचाच खर्च आहे, असे मुलांनी सांगितले. अर्थसंकल्पाची माहिती आम्हाला कळेल अशा भाषेत आणि आम्ही वापरतो त्या माध्यमांतून द्या, असाही आग्रह होता. आणि आम्हाला काय हवे हे विचारल्याशिवाय आमच्यावर खर्च कसा करणार, असा थेट सवालही.

ही यादी कुणा अर्थतज्ज्ञाच्या यादीपेक्षा फार वेगळी नाही. नियोजन, कार्यक्षमता, पारदर्शकता, वंचितांना प्राधान्य हेच त्यातही असते. मुलांना फक्त खेळाचे मैदान आणि मोबाइल हवा असतो, ही समजूत इथे टिकत नाही.

रक्कम हाती दिली तर? बोस्टनचा अनुभव

मत देणे आणि मर्यादित पैशांत निवड करणे यांत फरक आहे. नागरिकांनी थेट खर्चाचे प्राधान्य ठरवण्याची पद्धत ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झाली आणि जगभर पसरली. अमेरिकेतील बोस्टन शहराने २०१४ मध्ये ती केवळ तरुणांसाठी राबवली. महापौर थॉमस मेनिनो यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस शहराच्या भांडवली अर्थसंकल्पातून १० लाख डॉलर बाजूला काढण्यात आले आणि ते कुठे खर्चायचे हे १२ ते २५ वयोगटाने ठरवायचे, असे ठरले. मतदार यादीत नाव असण्याची अट अर्थातच नव्हती.

प्रक्रिया तीन टप्प्यांची होती. आधी शहरभरातून कल्पना गोळा झाल्या. मग तरुण स्वयंसेवकांच्या गटांनी महापालिकेच्या अधिकाऱ्यांसोबत बसून त्यांतील व्यवहार्य कल्पना निवडल्या आणि प्रत्येकीचा अंदाजित खर्च काढला. शेवटी मतदान झाले. पहिल्या वर्षी दीड हजारांहून अधिक मुलामुलींनी मत दिले आणि सात प्रकल्प निवडले गेले. त्यांत फ्रँकलिन पार्क या मोठ्या उद्यानातील खेळाच्या जागेची सुधारणा, काही शाळांसाठी लॅपटॉप, कलाकारांना चित्रे काढता येतील अशा भिंती, नव्या उद्यानांभोवती पदपथ आणि एका उद्यानात सुरक्षा कॅमेरे यांचा समावेश होता.

खेळाच्या जागांचा उपयोग मतदारांपेक्षा त्यांच्या लहान भावंडांना अधिक, तर पदपथ आणि कॅमेरे सगळ्यांसाठी. मुले केवळ स्वतःपुरते मागतील, ही भीती निदान तिथे खरी ठरली नाही. प्रयोगाला मर्यादाही होती. निधी भांडवली असल्याने तो इमारती, उद्याने, उपकरणे यांवरच खर्च करता येत होता. रोजगार कार्यक्रम, समुपदेशक यांसारख्या दरवर्षी पैसा लागणाऱ्या कल्पना बाद कराव्या लागल्या. ‘एकदाचा खर्च’ आणि ‘दरवर्षीचा खर्च’ यांतला हा फरक आपल्याकडे अनेक मोठ्या माणसांनाही सांगावा लागतो.

पोर्तुगालने प्रत्येक शाळेत हे कसे नेले?

बोस्टनचा प्रयोग एका शहरापुरता होता. पोर्तुगालने २०१७ पासून तो देशभरातील सरकारी शाळांत नेला. सातवी ते बारावीच्या मुलांना शाळेच्या सुधारणेसाठी प्रतिविद्यार्थी एक युरो या हिशेबाने रक्कम मिळते. लहान शाळेलाही किमान ५०० युरो, म्हणजे आजच्या दराने सुमारे ५० हजार रुपये. मुलांच्या छोट्या गटांनी प्रस्ताव मांडायचा, त्याला किमान पाच टक्के विद्यार्थ्यांचा पाठिंबा मिळवायचा, प्रचार करायचा आणि २४ मार्च या विद्यार्थी दिनाच्या सुमारास शाळेत मतदान घ्यायचे. निवडलेले काम त्याच वर्षी पूर्ण करायची जबाबदारी शाळेची.

रक्कम लहान आहे, त्यातून काही वर्गखोली उभी राहणार नाही. पण तीन गोष्टी पक्क्या असतात : रक्कम आधी माहीत असते, निर्णय मुलांच्या मताने होतो आणि काम झाले की नाही हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप, मुले पालकांचे किंवा शिक्षकांचेच मत बोलतील. हे काही प्रमाणात होणारच. पण घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मत देणारे प्रौढ मतदारही कमी नाहीत. गुप्त मतदान हा त्यावरचा जुना उपाय आहे. दुसरा, वर्गातील बोलकी आणि चांगल्या घरातील मुलेच पुढे येतील. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. लांबून चालत येणारी, घरकामामुळे शाळेनंतर न थांबू शकणारी, पालकांसोबत ऊसतोडीला गेलेली मुले अशा बैठकीत नसतात. आणि गरज त्यांचीच मोठी असते. सभा शाळेच्या वेळेतच घेणे, मुलींची वेगळी बैठक घेणे, कल्पना लेखी आणि निनावी मागवणे एवढे तरी त्यासाठी करावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. जे पुरवणे सरकारचे कर्तव्यच आहे ते मुलांच्या निधीतून करून घेतले जाईल. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांपैकी एक निवडा, असे मुलांना विचारणे हा सहभाग नव्हे. शिक्षणहक्क कायद्याने शाळेसाठी जे किमान निकष ठरवले आहेत, ते मतदानाला टाकता येत नाहीत. मुलांची निवड त्यानंतरच्या गोष्टींची असायला हवी.

महाराष्ट्रात वाव कुठे आहे?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना दरवर्षी पटसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदान देण्याची तरतूद आहे. ते सर्वांत लहान शाळांसाठी १० हजार, तर हजारांहून अधिक पट असलेल्या शाळेसाठी एक लाख रुपये आहे आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे आहेत. १०१ ते २५० पटाच्या शाळेचे ५० हजार आणि पोर्तुगालचे ५०० युरो ही रक्कम जवळपास सारखीच. फरक एवढाच की तिथे ती कशी खर्चायची हे मुले ठरवतात. इथे असे अनुदान येते हेही बहुतेक मुलांना माहीत नसते. यातील एक हिस्सा मुलांच्या मताने खर्च करायचा ठरला, तर सरकारला एक रुपयाही जास्त द्यावा लागणार नाही.

अडचण अशी की राज्यातील बहुतांश माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या आहेत. अनुदानित शाळांना शासन वेतन अनुदान देते. बाकीच्या खर्चासाठीच्या वेतनेतर अनुदानाबाबत संस्थांच्या तक्रारी जुन्या आहेत. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवायला मोकळी रक्कमच नसते. पहिली ते आठवीसाठी शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणि शाळा विकास आराखडा आणला. अनुदानाचा आधार हा आराखडाच असावा, असे कायदा म्हणतो. तो समितीच्या सभेपूर्वी वर्गावर्गांत वाचून दाखवणे, हे पहिले पाऊल ठरू शकते.

दुसरी जागा ग्रामपंचायतीत आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमाखाली गावाचा वार्षिक आराखडा तयार होतो. त्यासाठी ग्रामसभेपूर्वी महिला सभेप्रमाणेच बालसभा घेणेही अपेक्षित आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. वित्त आयोगाचा निधी वेगळा. १५ व्या वित्त आयोगाने त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला आणि ४० टक्के गावाच्या गरजेनुसार मोकळा ठेवला. शहरांत पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचनांतून कामे घेण्याची पद्धत चालवली आहे. या प्रत्येक ठिकाणी मुलांसाठी खुर्ची ठेवता येते. मात्र बालसभा म्हणजे हजेरीपटावर सह्या आणि एक छायाचित्र, असे झाले तर ती न घेतलेली बरी.

विचारायचेच असेल तर काय पाळावे लागेल?

वरील अनुभवांतून तीन अटी निघतात. पहिली, माहिती : किती रक्कम आहे, कशावर खर्च करता येते, कशावर नाही, हे एका पानावर सोप्या मराठीत हवे. दुसरी, मर्यादा : ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की मागण्यांची यादी मिळते; ‘इतक्या पैशांत आधी काय?’ असे विचारले की मत मिळते. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित अट उत्तराची. मुलांनी सुचवलेले काम झाले, तर केव्हा आणि किती खर्चात. झाले नाही, तर का, हे त्यांना परत येऊन सांगावे लागते. नकाराचे कारण सांगितले तर मुले ते समजून घेतात. काहीच सांगितले नाही, तर विचारणे हा देखावा असतो, हे ती शिकतात आणि १८ व्या वर्षी मतदान केंद्रावर जाताना, किंवा न जाताना, तो धडा सोबत असतो.

राज्याच्या २०२५-२६ च्या सात लाख कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात शाळकरी मुलांच्या मताने लगेच काही बदलणार नाही. बदलेल ते शाळेच्या ५० हजारांत आणि ग्रामपंचायतीच्या १० टक्क्यांत. ती रक्कम मुलांपुढे ठेवायची की नाही, हे मुख्याध्यापक, शाळा समिती आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या हाती आहे.